घरखर्च कोण चालवतं? : भारतीय बाजार-संशोधनातील वर्गवारीची पार्श्वभूमी

बाजार-संशोधनाच्या पाहणीसाठी दारात आलेली मुलगी आत येऊन बसल्यावर लगेच साबणाबद्दल किंवा चहाबद्दल विचारत नाही. 'घरखर्चात सर्वांत जास्त पैसे कोण घालतं?' हा तिच्या सुरुवातीच्या प्रश्नांपैकी एक असतो. त्या व्यक्तीचे शिक्षण कुठपर्यंत झाले, हे ती त्यानंतर विचारते आणि मग एक यादी वाचून दाखवते : वीजजोडणी, छताचा पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, संगणक, मोटार, एसी आणि शेतजमीन. यांपैकी घरात काय काय आहे, एवढेच तिला नोंदवायचे असते. घराला प्रतवारी देण्यासाठी महिन्याचे उत्पन्न विचारले जात नाही. मिळालेल्या उत्तरांवरून पूर्वी कागदाच्या कोपऱ्यात आणि आता टॅबच्या पडद्यावर एक अक्षर आणि एक आकडा उमटतो, आणि ते घर बारा गटांपैकी एका गटात जाते. शाम्पूची पुडी किती रुपयांना काढायची, जाहिरात कोणत्या वर्तमानपत्रात द्यायची, कोणत्या शहरात दुकान उघडायचे, अशा निर्णयांमागे हे अक्षर आणि हा आकडा असतो. ग्राहकाची गरज ओळखण्याच्या या खटाटोपात मुळात कोणाला ग्राहक म्हणून मोजायचे, हा प्रश्न भारतात कसा सोडवला गेला आणि कुठे चुकला, याचा मागोवा येथे घ्यायचा आहे.

या व्यवसायाची सुरुवात अमेरिकेतली. १९११ मध्ये कर्टिस पब्लिशिंग या मासिके काढणाऱ्या कंपनीने चार्ल्स कूलिज पार्लिन या माजी शिक्षकाला नेमून व्यापाराचा अभ्यास करायला लावले. आपल्या मासिकांत जाहिरात देणाऱ्यांना त्यांचे गिऱ्हाईक कोण आहे हे सांगता आले, तर जाहिराती वाढतील, असा त्यामागे सरळ व्यावसायिक हिशेब होता. १९२३ मध्ये आर्थर नील्सन यांनी शिकागोत आपली कंपनी काढली आणि पुढे दुकानांतील विक्रीची नियमित मोजणी सुरू केली. मात्र नमुना चुकीचा असेल तर तो मोठा असूनही उपयोग होत नाही, हे व्यवसायाला शिकवले ते १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीने. 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका धाडल्या, चोवीस लाखांच्या आसपास परत आल्या आणि त्यांच्या आधारे आल्फ्रेड लँडन हे उमेदवार जिंकणार असे जाहीर केले. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट यांनी दोन वगळता सर्व राज्ये जिंकली. साप्ताहिकाने पत्ते घेतले होते ते मुख्यतः दूरध्वनीच्या आणि मोटारींच्या नोंदींतून, आणि मंदीच्या त्या काळात ज्यांच्याकडे या दोन्ही गोष्टी नव्हत्या त्यांचे मत बऱ्याच अंशी मोजणीबाहेर राहिले होते. शिवाय आलेली उत्तरे होती ती केवळ उत्तर धाडण्याची तसदी घेणाऱ्यांची. जनमत चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी लहान, पण विचारपूर्वक निवडलेल्या नमुन्यावरून बरोबर अंदाज वर्तवला.

भारतात घरोघर जाऊन विचारण्याचे शास्त्र आधी व्यापाऱ्यांनी नव्हे, संख्याशास्त्रज्ञांनी आणि अर्थशास्त्रज्ञांनी उभे केले, आणि त्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेने पुणे शहराची जी सामाजिक-आर्थिक पाहणी केली, तिचा पहिला भाग १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेत नमुना पाहणीची तंत्रे घडत होती. त्यांच्याच प्रेरणेने १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली, आणि तिच्या पहिल्या फेरीच्या क्षेत्रीय कामात गोखले संस्थेचेही कार्यकर्ते होते. घरात गेल्या महिन्यात तेल किती आणले, कापडावर किती खर्च झाला, हे आठवणीतून सांगताना माणूस कुठे चुकतो, प्रश्न कसा मांडला म्हणजे चूक कमी होते, याचा विचार या पाहण्यांनी केला. पुढे साबण आणि बिस्किटे विकणाऱ्यांना हीच विद्या कामी आली. देशाच्या नियोजनासाठी घडलेले हे तंत्र व्यापाराकडे वळले, हा क्रम लक्षात ठेवावा असा आहे, कारण या तंत्रात गावाला पहिल्यापासून जागा होती. व्यापाराने मात्र ते उचलताना बराच काळ शहरापुरते पाहिले.

विक्रम साराभाई यांनी १९६० मध्ये बडोद्यात ऑपरेशन्स रिसर्च ग्रुप, म्हणजे ओआरजी, स्थापन केली. तिचे नाव झाले ते दुकानांच्या लेखापाहणीमुळे. ही पद्धत दिसायला साधी आहे. निवडलेल्या दुकानात माणूस ठरावीक काळाने जातो आणि फळीवरचा, पोत्यामागचा, माळ्यावरचा माल स्वतः मोजतो. मागच्या खेपेला अमुक साबणाच्या २४ वड्या होत्या, मधल्या काळातील खरेदीच्या बिलांवरून आणखी ३६ आल्या, आज १८ उरल्या आहेत, म्हणजे ४२ विकल्या गेल्या. दुकानदाराला 'कोणता साबण जास्त खपतो?' असे विचारावे लागत नाही. असे विचारले तर ज्या मालावर त्याला जास्त नफा सुटतो त्याचे किंवा परवाच ज्याचा विक्रेता येऊन गेला त्याचे नाव सांगण्याची शक्यता असते. मोजणीत त्याचे मत येत नाही, बिल आणि माल तेवढा येतो. पण वडी विकली गेली हे या पद्धतीत कळते, ती कोणी आणि का नेली हे कळत नाही. त्यासाठी घरात जाणे भागच होते.

मुंबई ही जाहिरात व्यवसायाची राजधानी, त्यामुळे घरात जाणारी संशोधन संस्थाही येथेच वाढली. हिंदुस्तान थॉम्पसन या जाहिरात संस्थेने १९७० च्या दशकाच्या आरंभी इंडियन मार्केट रिसर्च ब्युरो, म्हणजे आयएमआरबी, उभी केली. १९७० मध्येच राष्ट्रीय वाचक पाहणीची पहिली फेरी झाली. कोणते नियतकालिक किती घरांत वाचले जाते, याचा हिशेब जाहिरातदारांच्या हाती त्यामुळे आला. प्रश्नावलीची भाषांतरे, उत्तरदात्यापुढे धरायची शोकार्डे, एका खुणेच्या जागेपासून उजव्या हाताने चालत ठरावीक घरे सोडून पुढचे दार ठोठावण्याचा नियम, दुसऱ्या दिवशी पर्यवेक्षकाने त्याच घरी जाऊन 'काल खरंच कोणी आलं होतं का?' असे विचारायचा बॅकचेक, ही या व्यवसायाची रोजची हत्यारे आहेत. अहवालाच्या गुळगुळीत पानांची विश्वासार्हता या उन्हातल्या पायपिटीवर उभी असते, आणि तिला मिळावा तो मान अजून मिळालेला नाही, असे मला वाटते.

इतके सगळे असूनही बाजारातला मोठा भाग नजरेआड राहू शकतो, हे निरमाच्या उदाहरणाने दाखवले. १९५९ मध्ये आलेली हिंदुस्तान लिव्हर कंपनीची सर्फ ही भारतातील धुण्याच्या पावडरीची प्रमुख नाममुद्रा होती. १९६९ मध्ये गुजरात सरकारच्या खनिज विभागात रसायनतज्ज्ञ असलेले करसनभाई पटेल अहमदाबादेत घरच्या घरी पिवळी पावडर बनवून सायकलवरून विकू लागले. किंमत सर्फच्या एक तृतीयांशाहूनही कमी होती. मोठ्या कंपनीच्या मोजणीत पावडरीचा ग्राहक म्हणजे पावडर वापरणारे घर. जे घर साबणाच्या वडीने कपडे घासत होते त्याला पावडरीच्या बाजारात स्थानच नव्हते. निरमा ज्या घरांत गेली ती मुख्यतः हीच घरे. १९८० च्या दशकाच्या मध्यास निरमाने खपाच्या वजनात सर्फला मागे टाकले, आणि हिंदुस्तान लिव्हरला व्हील ही स्वस्त पावडर आणावी लागली. पटेल यांच्याकडे संशोधन संस्था नव्हती, पण ज्या आळ्यांत ते सायकल घेऊन फिरत होते तिथल्या बायकांना किती पैसे परवडतात, हे त्यांना रोज दिसत होते. मोजण्याआधीच बाजाराची सीमा आखून घेतली की सीमेपलीकडची गरज आकड्यांत उमटत नाही, हा या प्रकरणाचा गाभा आहे.

मग घरांची विभागणी करायची कशाच्या आधारे? उत्पन्न हा उघड मार्ग होता, आणि तो टिकला नाही. परक्या माणसाला उत्पन्न खरे सांगायची रीत आपल्याकडे नाही. शेती, हातावरचे काम किंवा दुकान असेल तर महिन्याचा आकडा सांगणाऱ्यालाही ठाऊक नसतो. आणि दुपारी दार उघडणाऱ्या गृहिणीला पुष्कळदा तो कोणी सांगितलेलाच नसतो. त्याहून महत्त्वाची अडचण अशी की सारखे उत्पन्न असलेली दोन घरे खरेदीत सारखी वागत नाहीत. शाळेतल्या शिक्षकाचे घर आणि बाजार समितीतल्या अडत्याचे घर पैशाने बरोबरीचे असले, तरी वर्तमानपत्र, मुलांची शिकवणी, टूथपेस्ट आणि सणाची खरेदी यांत त्यांची निवड वेगळी पडते.

यातून १९८८ मध्ये सामाजिक-आर्थिक वर्गवारी आली. व्यवसायात तिला सरसकट 'एसईसी' म्हणतात. शहरी घरासाठी मुख्य कमावत्याचे शिक्षण आणि त्याचा व्यवसाय हे दोन निकष घेऊन एक चौकट आखली गेली. आडव्या बाजूला निरक्षरापासून व्यावसायिक पदवीधरापर्यंत शिक्षणाच्या पायऱ्या होत्या आणि उभ्या बाजूला अकुशल कामगार, कुशल कामगार, फेरीवाला, दुकानदार, कारकून, अधिकारी असे व्यवसाय होते. दोन्ही रेषा जिथे छेदतात तिथे घराचा वर्ग : ए-१ पासून ई-२ पर्यंत आठ. ग्रामीण घरासाठी निकष वेगळे होते, शिक्षण आणि घराचा प्रकार, म्हणजे पक्के, अर्धे पक्के की कच्चे, आणि त्यावरून चार वर्ग. या चौकटीने व्यवसायाला समान भाषा दिली. कंपनी, जाहिरात संस्था आणि वृत्तपत्र हे तिघेही 'बी वर्गातील गृहिणी' म्हणताना एकाच गटाविषयी बोलू लागले. तिची दुखरी बाजूही लवकर दिसली. 'धंदा करतात' या उत्तरात हातगाडीपासून कारखान्यापर्यंत काहीही बसते. मग हाताखाली माणसे किती, एकही नाही, नऊपर्यंत, की दहा आणि अधिक, हे विचारावे लागे, आणि घाईत असलेल्या मुलाखतकाराने ते विचारले नाही तर घर भलत्याच वर्गात जाई.

१९९१ नंतर परदेशी कंपन्या भारतातील मध्यमवर्गाचे मोठमोठे आकडे समोर ठेवून आल्या. केलॉग कंपनीने तळोज्याला कारखाना काढून १९९४ मध्ये कॉर्नफ्लेक्स बाजारात आणले. घरांची संख्या होती, पैसाही होता. पण आपल्याकडे सकाळी दूध तापवून घेण्याची सवय आहे आणि गरम दुधात कॉर्नफ्लेक्स इतके लवकर मऊ पडतात की जाहिरातीतला कुरकुरीतपणा वाटीत उरत नाही. शिवाय सकाळच्या खाण्याला पोहे, उपीट, पराठा, इडली असे गरम आणि तिखटमिठाचे पर्याय होते. वर्ग कळला तरी वाटीत काय घडते हे कळण्यासाठी स्वयंपाकघरात उभे राहून पाहावे लागते. सरळ विचारूनही अशी गोष्ट हाती लागतेच असे नाही. मेसन हेअर या मानसशास्त्रज्ञांनी १९५० मध्ये अमेरिकी गृहिणींच्या दोन गटांना किराण्याची एकेक यादी दाखवली होती. दोन्हींत फरक फक्त कॉफीचा होता, एकीत तयार कॉफी आणि दुसरीत उकळायची. तयार कॉफी घेणारी बाई कशी असेल, असे विचारल्यावर जवळजवळ निम्म्या जणींनी ती आळशी असावी असे लिहिले. हे मत 'तुम्हाला ही कॉफी का आवडत नाही?' या प्रश्नाला कधीच बाहेर आले नसते, कारण तिथे उत्तर चवीवर ढकलता येत होते.

२०११ मध्ये भारतातील वर्गवारी बदलली. व्यवसायाचा निकष काढून टाकला, शहर आणि गाव यांना एकच चौकट लागू केली, आणि मुख्य कमावत्याच्या शिक्षणाबरोबर सुरुवातीला सांगितलेली अकरा गोष्टींची यादी आली. वस्तू आहे की नाही, हे विचारायला सोपे असते आणि पडताळताही येते. वाचक पाहणी आणि २०१५ पासून टीव्हीच्या प्रेक्षकांचे आकडे देणारी बार्क ही संस्था याच चौकटीवर चालू लागली. गाव आणि शहर प्रथमच एका मापाने मोजले गेले, हे या बदलाचे मोठे श्रेय आहे. पण वस्तूंची यादी हा निकष काळाबरोबर झिजतो. तमिळनाडूत २००६ पासून सरकारने रंगीत टीव्ही मोफत वाटले, २०१६ पासून उज्ज्वला योजनेत गॅसजोडण्या गेल्या, वीज वाड्या-वस्त्यांवर पोहोचली, दुचाकी आणि फ्रिज हप्त्यांवर मिळू लागले. घरात या वस्तू आल्या ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु घराच्या राहणीत आणि खर्चाच्या सवयीत फारसा फरक न पडताही ते यादीनुसार वरच्या वर्गात चढत गेले, आणि वरच्या वर्गांत इतकी वेगवेगळी घरे जमा झाली की वर्गाला पूर्वीची धार राहिली नाही.

म्हणून गेल्या काही वर्षांत मार्केट रिसर्च सोसायटी ऑफ इंडियाने नवी चौकट पुढे आणली आहे. तीत वस्तूंची यादी नाही. मुख्य कमावत्याचा व्यवसाय परत आला आहे, आणि शिक्षण मात्र एकट्या मुख्य कमावत्याचे धरलेले नाही : घरातील सर्वांत जास्त शिकलेला प्रौढ पुरुष आणि सर्वांत जास्त शिकलेली प्रौढ स्त्री, अशी दोन शिक्षणे स्वतंत्रपणे विचारली जातात. १९८८ पासून घरचा साबण, तेल, चहा आणि मुलांचे खाणे यांबद्दलचे प्रश्न बहुतेक वेळा घरातल्या बाईलाच विचारले गेले, आणि ती कोणत्या वर्गातली, हे मात्र मुख्य कमावत्याच्या, म्हणजे बहुतेक घरांत नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या, शिक्षणावरून ठरले. नव्या चौकटीनुसार पाहणी करणाऱ्या मुलीच्या टॅबवर वस्तूंच्या यादीऐवजी आता त्यासाठी वेगळा प्रश्न आहे : घरातल्या बायकांमध्ये सर्वांत जास्त शिक्षण कोणाचे, आणि ते कुठपर्यंत झाले?