पित्ताची गोळी जास्त झाली म्हणजे काय होतं

माझ्या मावशीची औषधं श्रीखंडाच्या जुन्या डब्यात असतात. त्यात बीपीची गोळी, कॅल्शियमची गोळी आणि पँटोप्राझोलची पट्टी. ही तिसरी गोळी तिला आठ वर्षांपूर्वी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पेनकिलरच्या जोडीला म्हणून दिली होती. पेनकिलर बंद झाली, ही मात्र राहिली. रोज सकाळी तोंड धुतलं की चहाच्या आधी एक. गेल्या वर्षी रात्री तिच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले, बोटांना मुंग्या यायच्या, मधूनच छातीत धडधडायचं. रक्त तपासलं तर मॅग्नेशियम फारच खाली गेलेलं. डॉक्टरांनी डब्यातली पट्टी उचलून विचारलं, "ही कधीपासून चालू आहे?"

मावशीने एकाही दिवशी दोन गोळ्या घेतल्या नव्हत्या. तरी औषध जास्त झालं होतं. हे कसं, ते समजायचं तर पोटातल्या आम्लावरची औषधं कुठून आली आणि प्रत्येक पिढीच्या औषधात 'जास्त' या शब्दाचा अर्थ कसा बदलत गेला, हे पाहावं लागतं.

आधी शब्दाचा एक घोळ निस्तरू. आपण 'पित्त झालं' म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा जठरातलं आम्ल अभिप्रेत असतं. यकृतात तयार होणारं, पित्ताशयात साठणारं हिरवट पित्त निराळं, आणि मेडिकलमध्ये मागितलेली पित्ताची गोळी त्या पित्ताला हातही लावत नाही. आयुर्वेदातला 'अम्लपित्त' हा शब्द जास्त नेमका आहे. काश्यपसंहितेत या विकाराचं वर्णन आहे, आणि त्यावर दिली जाणारी शंखभस्म, कवडीभस्म, प्रवाळ ही औषधं मुळात कॅल्शियमची संयुगं. आम्लावर अल्कली टाकून ते मारायचं, हा उपाय माणसाला रसायनशास्त्राच्या कितीतरी आधी सापडला होता.

ते आम्ल नक्की कोणतं, हे लंडनच्या विल्यम प्राउट या डॉक्टरने डिसेंबर 1823 मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडलं: हायड्रोक्लोरिक आम्ल. इतकं जहाल रसायन आपल्याच पोटात तयार होतं, हे मान्य करायला लोकांना वेळ लागला. पण एकदा ते कळल्यावर सोड्याने बरं का वाटतं, याचा उलगडा झाला. खाण्याचा सोडा आणि जठरातलं आम्ल एकत्र आलं की मीठ, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. ग्लासभर पाण्यात सोडा घालून प्यायल्यावर जी खणखणीत ढेकर येते आणि 'गॅस सुटला' म्हणून हायसं वाटतं, तो बराचसा वायू त्या सोड्यातूनच नुकताच बनलेला असतो.

सोडा जास्त झाला तर ते लपून राहत नाही. चहाच्या चमचाभर सोड्यात साधारण 1,200 मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी दिवसाची मर्यादा 2,000 मिलिग्रॅम सांगितली आहे. दोनतीन चमचे पोटात गेले की रक्त अल्कधर्मी होऊ लागतं, पोटॅशियम घसरतं, हातपाय वळतात, माणूस गोंधळतो, हृदयाचा ठोका चुकू शकतो. ज्याला बीपी, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे त्याच्या अंगावर सूज येते, धाप लागते. आकंठ जेवणानंतर भरपूर सोडा घेतला आणि वायूच्या दाबाने जठर फाटलं, अशा रुग्णांच्या नोंदीही वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. घरगुती आहे म्हणून सोडा निरुपद्रवी, ही समजूत मला म्हणूनच फार धोक्याची वाटते.

याच अल्कलींचा अतिरेक विसाव्या शतकात रीतसर उपचार म्हणून झाला. 1910 मध्ये कार्ल श्वार्ट्झ यांनी 'आम्ल नाही तर व्रण नाही' हे सूत्र मांडलं, आणि 1915 मध्ये शिकागोच्या बर्ट्राम सिपी यांनी अल्सरच्या रुग्णांसाठी आहार आखून दिला: दिवसभर दर तासाला दूध आणि क्रीम, आणि मधल्या वेळी अल्कलीच्या पुड्या. आठवडेच्या आठवडे रुग्ण हे घेत राहिले. काहींना दुधाची शिसारी येऊ लागली, डोकं दुखायचं, उलट्या व्हायच्या, मग मूत्रपिंडं निकामी व्हायची. 1923 पासून हा प्रकार वैद्यकीय लिखाणात दिसतो. त्याला दूध-अल्कली विकार म्हणतात: रक्तात कॅल्शियम वाढतं, रक्त अल्कधर्मी होतं, आणि मूत्रपिंडं जायबंदी झाल्यामुळे वाढलेलं कॅल्शियम बाहेर टाकताही येत नाही. नवी औषधं आल्यावर तो जवळपास दिसेनासा झाला होता. अलीकडे तो पुन्हा भेटतो, कारण हाडांसाठी कॅल्शियमच्या गोळ्या घेणारी माणसं वरून कॅल्शियमयुक्त अँटासिडही चघळत असतात.

गुलाबी सिरपच्या बाटल्यांमध्ये ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम जोडीने येतात, त्यालाही कारण आहे. नुसत्या मॅग्नेशियमने जुलाब होतात, नुसत्या ॲल्युमिनियमने शौचाला खडा होतो. दोन्ही एकत्र केले की पोट बऱ्यापैकी जागेवर राहतं. पण ज्याची मूत्रपिंडं मंदावली आहेत त्याच्या शरीरात मॅग्नेशियम साचत जातं. मग सुस्ती येते, बीपी पडतं, फारच झालं तर श्वास मंदावतो. ॲल्युमिनियम वर्षानुवर्षं जास्त घेतलं तर ते अन्नातलं फॉस्फेट अडवतं आणि हाडं कमजोर होतात.

तोवर बहुतेक औषधं तयार झालेल्या आम्लावर चालत होती. आम्ल बनूच द्यायचं नाही, ही कल्पना पुढची. 1920 मध्ये लेऑन पोपिएल्स्की यांनी ल्वुव शहरातले प्रयोग प्रसिद्ध केले. हे शहर तेव्हा पोलंडचं होतं, आज युक्रेनमध्ये आहे. कुत्र्याला हिस्टामीन हे शरीरातच बनणारं रसायन टोचलं की त्याच्या जठरात आम्लाचा पूर येतो, असं त्यांना दिसलं होतं. गंमत अशी की सर्दीवर, खाजेवर चालणाऱ्या हिस्टामीनविरोधी गोळ्या पुढे निघाल्या, पण त्यांचा आम्लावर काडीचाही परिणाम होईना. जेम्स ब्लॅक यांनी यावरून अंदाज बांधला की हिस्टामीन दोन वेगळ्या कुलपांना लागत असावं आणि पोटातलं कुलूप दुसरं असावं. 1964 मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये स्मिथ क्लाइन अँड फ्रेंच या कंपनीत काम सुरू केलं. पहिल्या चार वर्षांत सुमारे 200 रेणू करून पाहिले, एकही लागू पडला नाही. कंपनीने धीर सोडला नाही, हे मला या गोष्टीत सगळ्यात मोलाचं वाटतं. 1972 मध्ये बुरिमामाइड जाहीर झालं, पण तोंडावाटे ते पुरेसं चालत नव्हतं. पुढचं मेटिअमाइड चाललं, तर काही रुग्णांच्या पांढऱ्या पेशी घटल्या. त्या रेणूतला दोषी तुकडा बदलून सिमेटिडीन तयार झालं आणि 1976 मध्ये ते ब्रिटनच्या बाजारात आलं. ज्या अल्सरसाठी जठराचा तुकडा कापावा लागे, तो गोळीने भरू लागला. ब्लॅक यांना 1988 चं नोबेल मिळालं.

1981 मध्ये ग्लॅक्सोचं रॅनिटिडीन आलं. भारतात 1970 च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नव्हतं, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर मिळे. त्यामुळे इथल्या कंपन्यांनी आपापल्या पद्धतीने ते बनवलं आणि स्वस्तात विकलं. रॅनटॅक, ॲसिलॉक ही नावं घराघरात पोचली ती अशी. 2019 मध्ये रॅनिटिडीनमध्ये एनडीएमए हे कर्करोगाचा धोका वाढवू शकणारं द्रव्य आढळलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल 2020 मध्ये ते बाजारातून काढायला लावलं, आणि भारताने 2022 मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीतून वगळलं.

आता मावशीच्या गोळीकडे येऊ. आम्ल बनवणाऱ्या पॅरायटल पेशींच्या भिंतीत एक पंप असतो. तो एक पोटॅशियम आत घेतो आणि एक हायड्रोजन आयन, म्हणजेच प्रोटॉन, बाहेर फेकतो. पेशीच्या आतल्यापेक्षा बाहेर प्रोटॉनची दाटी दहा लाख पटींहून जास्त होते, तरी तो ढकलतच राहतो. स्वीडनमधल्या ॲस्ट्रा हेस्ले कंपनीत 1979 मध्ये बनलेलं ओमेप्राझोल, मावशीच्या पँटोप्राझोलच्याच कुळातलं, या पंपालाच जाऊन चिकटतं. गोळी गिळल्यावर औषध आतड्यातून रक्तात जातं, रक्तातून पॅरायटल पेशीच्या आम्ल साठवणाऱ्या चिंचोळ्या नळीत शिरतं, आणि त्या तीव्र आम्लातच त्याचं खऱ्या औषधात रूपांतर होतं. जठरातच विरघळलं तर ते तिथेच नासेल, म्हणून गोळीवर खास आवरण असतं. ती फोडून किंवा कुटून द्यायची नसते. ते फक्त चालू असलेल्या पंपांना पकडतं, आणि पंप जेवणाने चालू होतात. म्हणून ती उपाशीपोटी, खाण्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची. रक्तातलं औषध तासाभरात निम्मं होतं, पण पकडलेला पंप सुटत नाही. शरीर नवे पंप बनवेल तेव्हाच आम्ल पूर्ववत होतं.

एकदम जास्त गोळ्या पोटात गेल्या तर सोड्यासारखा हाहाकार का होत नाही, याचं बरंचसं उत्तर इथेच आहे. पंप मोजके असतात. ते बंद झाले की उरलेल्या औषधाला पकडायला काही राहत नाही. नेहमीच्या 20 मिलिग्रॅमच्या जागी 2,400 मिलिग्रॅम ओमेप्राझोल घेतलेल्यांच्या नोंदी आहेत. त्यांना गुंगी, गोंधळ, अंधुक दिसणं, धडधड, मळमळ, घाम असा त्रास झाला आणि तो ओसरला. यावर उतारा नाही, आणि औषध रक्तातल्या प्रथिनांना घट्ट बांधलेलं असल्याने डायलिसिसनेही फारसं निघत नाही. लक्ष ठेवायचं आणि त्रासावर उपचार करायचे.

पण आपल्याकडे ॲसिडिटीची कॅप्सूल म्हणून जे मिळतं त्यात बरेचदा दुसरंही औषध असतं. 'पॅन'पुढे 'डी' असेल तर ते डॉमपेरिडोन, मळमळ-उलटीवरचं औषध. त्याने हृदयाच्या ठोक्याची लय बिघडू शकते, आणि लहान मुलाने डबा उघडून दोनचार कॅप्सूल खाल्ल्या तर मान, डोळे, जबडा वाकडे होऊ शकतात. लेव्होसल्पिराइड असलेल्या कॅप्सूलने वयस्कर माणसांना कंपवातासारखी थरथर आणि ताठरपणा आलेला आहे. म्हणून गोळ्या जास्त पोटात गेल्याची शंका आली तर दवाखान्यात जाताना पट्टी सोबत न्यावी. डॉक्टरांना नुसत्या 'गॅसच्या गोळ्या' या नावावरून आत काय होतं ते कळत नाही.

या औषधाचा खरा अतिरेक वर्षांत मोजावा लागतो, आणि त्याची चाहूल बाजारात येण्याआधीच लागली होती. 1984 मध्ये ओमेप्राझोलच्या चाचण्या थांबवल्या गेल्या, कारण आयुष्यभर मोठा डोस दिलेल्या उंदरांच्या जठरात गाठी झाल्या. शोध घेतल्यावर कळलं की आम्ल नाहीसं झालं की शरीर 'आम्ल वाढवा' असं सांगणारं गॅस्ट्रिन हे संप्रेरक सोडतच राहतं, आणि त्याच्या माऱ्याने तिथल्या पेशी वाढतात. माणसाच्या डोसात तेवढा धोका दिसला नाही, चाचण्या पुन्हा सुरू झाल्या आणि 1988 मध्ये औषध बाजारात आलं. पण ते गॅस्ट्रिन माणसातही वाढतंच. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधल्या प्रयोगात पोटाचा काहीही त्रास नसलेल्या 120 जणांपैकी निम्म्यांना आठ आठवडे अशी गोळी दिली आणि बंद केली. त्यानंतरच्या आठवड्यांत त्यातल्या 44 टक्क्यांना जळजळ, आंबट ढेकरा असा त्रास झाला. खोटी गोळी घेतलेल्या गटात 15 टक्क्यांना. गोळी सोडली की त्रास होतो, म्हणजे गोळी लागतेच, असा समज करून माणसं ती वर्षानुवर्षं घेतात.

मॅग्नेशियम घसरण्याचा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2011 मध्ये दिला. त्यातल्या सुमारे चौथ्या हिश्शाच्या रुग्णांत नुसतं मॅग्नेशियम देऊन भागलं नाही, गोळी थांबवावी लागली. बी12 ची कमतरता, हाडं मोडण्याचा वाढलेला धोका आणि मूत्रपिंडाला येणारी सूजही नोंदलेली आहे. मात्र ज्यांना रक्तस्राव होणारा अल्सर झालेला आहे किंवा कायम ॲस्पिरिन घ्यावं लागतं, त्यांच्यासाठी हीच गोळी जीव वाचवणारी आहे. त्यांनी हे वाचून ती परस्पर बंद करू नये.

मावशीचीही एकदम बंद केली नाही. डॉक्टरांनी आधी चाळीसची वीस केली, मग एक दिवसाआड, आणि बीपीची गोळी लघवी वाढवणारी होती, तीही बदलली, कारण तिनेही मॅग्नेशियम जातं. तिसऱ्या आठवड्यात जळजळ परतली. तेव्हा तिला रात्री झोपताना दोन चमचे घ्यायला दिलं ते साधं गुलाबी सिरप होतं, ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमचं.