मेलेल्या कांगारूच्या पिशवीत

ऑस्ट्रेलियात तिन्हीसांजेला आणि पहाटे हायवेवर कांगारू गाडीखाली येतात. मादी जागीच गेली तरी पिशवीतलं पिल्लू कित्येक तास जिवंत राहू शकतं. म्हणून गाडी सुरक्षित ठिकाणी उभी करायची, मादी खरंच मेली आहे याची खात्री करायची, मग पिशवी पाहायची.

आत चार सड असतात. जन्मताना पिल्लू एक ग्रॅमही भरत नाही. ते सड तोंडात घेतं आणि सडाचं टोक आत फुगून घट्ट बसतं. असं बिनकेसांचं गुलाबी पिल्लू ओढलं की जबडा दुखावतो. त्याऐवजी सडच मादीच्या अंगालगत कात्रीने कापायचा आणि कापलेलं टोक सेफ्टी पिनेने पिल्लू ठेवायच्या कापडी पिशवीला अडकवायचं, नाहीतर पिल्लू ते गिळतं. पिशवी रिकामी, पण एक सड लांब ओघळलेला दिसला, तर मोठं पिल्लू जवळच्या झुडपात लपलेलं असण्याचा संभव असतो.

पिल्लू सुती अभ्र्यात ठेवायचं. लोकरीत नख्या अडकतात. बिनकेसांच्याला साधारण ३२ अंश सेल्सिअस ऊब लागते, केसाळाला २८. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळूनच ठेवायची.

मग बहुतेकांचा हात दुधाकडे जातो, आणि घात तिथेच होतो. गायीच्या दुधातली लॅक्टोज साखर कांगारूच्या पिल्लाला पचत नाही: हगवण लागते, पुढे मोतीबिंदूही होतो. शिवाय कांगारूचं दूध पिल्लाच्या वयानुसार बदलतं. पिशवीत तान्हं आणि बाहेर मोठं पिल्लू असेल, तर एकाच मादीच्या दोन सडांतून एकाच वेळी दोन वेगळी दुधं येतात! ते हिशेब अनुभवी संगोपकांवर सोडावेत. पिल्लू गार असताना तर काहीच पाजू नये, पचत नाही.

कुरवाळणं, फोटो, कुत्र्याला हुंगू देणं हेही टाळायचं. भेदरलेल्या कांगारूचे स्नायू आतून झिजतात आणि तो काही दिवसांनीही मरू शकतो. न्यू साउथ वेल्समध्ये ‘वायर्स’सारख्या वन्यप्राणी वाचवणाऱ्या संस्थेला लगेच फोन करावा, परवान्याशिवाय पिल्लू घरी ठेवता येत नाही.

जाताना मादीला शेपटीला धरून रस्त्यापासून दूर ओढावं, नाहीतर मांसाला आलेले गरुड पुढच्या गाडीखाली जातात. पिशवी तपासलेल्या कांगारूवर बचावकर्ते रंगाची फुली मारतात. ती दिसली तर थांबायची गरज नाही.