लहान मुलाची ऑटिझम तपासणी: कुठे जायचं, काय न्यायचं आणि घोडं कुठे अडतं

आधी एक घोळ मिटवू. ऑटिझमची तपासणी आणि दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र ही दोन वेगळी कामं आहेत. तपासणीसाठी प्रमाणपत्र लागत नाही, थेरपी सुरू करायलाही लागत नाही. तरी दीड-दोन वर्षांचं लेकरू कडेवर घेऊन आई-बाबा प्रमाणपत्र देणारं डॉक्टरांचं बोर्ड बसतं त्या दिवशी रांगेत उभे राहतात, "एवढ्या लहानाचं होत नाही, नंतर या" हे ऐकतात आणि तपासणीच नाकारली असं समजून घरी जातात. ते "नंतर" प्रमाणपत्राबद्दल असतं. तपासणी मात्र लगेच करून घ्यायची असते.

तिच्यासाठी पात्रता म्हणाल तर पालकांना शंका येणं, बस. वर्षाचं झालं तरी बोटाने दाखवत नाही, टाटा करत नाही, हाक मारली तर वळत नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलत नाही. किंवा आधी बोलायचं आणि आता बोलणं गेलं; हे कोणत्याही वयात दिसलं तर त्याच आठवड्यात दाखवा. "मुलगे उशिराच बोलतात", "त्याचे बाबाही असेच होते" हे घरचे सांगतात, आणि "मोबाईल बंद करा, सहा महिन्यांनी या" असं कधीकधी डॉक्टरही. मोबाईल जरूर बंद करा, पण तपासणीचा नंबर आजच लावा.

सरकारी व्यवस्थेत हे काम जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राचं. जिल्हा रुग्णालयात चौकशी करताना 'डीईआयसी' म्हणा, लवकर पोचाल. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हे केंद्र येतं आणि अठरा वर्षांपर्यंत सेवा मोफत असते. याच कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासतं. गोम अशी की गर्दीत रडणारं, अंगणवाडीत न रमणारं मूल त्या दिवशी घरीच असतं. म्हणजे ज्याला पथकाने बघायला हवं, तेच नेमकं सुटतं. सेविकाताईंना पथकाची तारीख विचारून ठेवा आणि अर्ध्या तासासाठी का होईना, मुलाला न्या. तारीख लांब असेल तर बालरोगतज्ज्ञांची चिठ्ठी घेऊन थेट केंद्रात जा. चिठ्ठीवर नुसतं "बोलायला उशीर" नको. "ऑटिझमसाठी तपासावे" असं स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर फक्त स्पीच थेरपीकडे पाठवणी होते. मुंबईकडच्या लोकांना वांद्र्याची अली यावर जंग संस्था (बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठीची राष्ट्रीय संस्था) आणि खारघरचं एनआयईपीआयडीचं (बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं) केंद्र हेही पर्याय आहेत.

सोबत लसीकरणाचं कार्ड, जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड आणि आधीचे केसपेपर न्या. मूल काचेत ठेवलं होतं का, लगेच रडलं होतं का, हे विचारतातच.

बहुतेकांकडे नसतो तो कागद म्हणजे कानाच्या तपासणीचा अहवाल. हाकेला वळत नाही म्हटल्यावर ऐकू येतं की नाही हे आधी पाहावंच लागतं. या वयात त्यासाठी बेरा करतात, म्हणजे आवाजाला मेंदू प्रतिसाद देतो का हे पाहणारी चाचणी, आणि ती मूल झोपलेलं असताना होते. तारीख मिळवायला महिना जातो आणि मूल येताना एसटीत झोपून घेतं. दवाखान्यात पोचल्यावर टक्क जागं! मग पुढची तारीख. त्या दिवशी मुलाला पहाटे उठवा आणि वाटेत काहीही करून जागं ठेवा. झोपेचं औषध द्यायचं ते तिथेच, त्यांच्या सांगण्यावरून; घरून पाजून आणू नका.

प्राथमिक चाळणीला बऱ्याच ठिकाणी एम-चॅट वापरतात. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी वीस हो-नाही प्रश्न. "बोटाने दाखवतो का?" याला पालक पटकन "हो" म्हणतात. पण आईचा हात धरून फ्रिजकडे ओढत नेणं म्हणजे बोटाने दाखवणं नव्हे. रस्त्यावरचा जेसीबी बघून "ते बघ" अशा अर्थाने बोट करतो आणि वळून तुमच्याकडे पाहतो का, असं ते विचारत असतात. मुलाला पास करायच्या नादात "हो" लिहिलंत तर खरी तपासणी लांबते. आणि गुण जास्त आले म्हणजे निदान झालं असंही नाही. पुढे तज्ज्ञ बघतात. नव्या खोलीत मूल एकतर रडतं नाहीतर दाराशी झटतं, म्हणून घरचे दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ न्या: हाक मारतानाचा, खेळतानाचा, जेवतानाचा.

आता प्रमाणपत्र. बोर्ड 'आयसा' ही ऑटिझम किती आहे हे मोजणारी भारतीय चाचणी वापरतं: चाळीस मुद्दे, प्रत्येकी एक ते पाच गुण, सत्तर आणि पुढे गेलं तर ऑटिझम. ती मुळात तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी बनवलेली, म्हणून "नंतर या". अर्ज स्वावलंबन या दिव्यांग प्रमाणपत्राच्या सरकारी पोर्टलवर भरायचा, पण पावती आली म्हणजे काम झालं नाही. मुलाला घेऊन बोर्डापुढे जावं लागतं. खाजगी मानसतज्ज्ञांचा अहवाल जोडणार असाल तर त्यावर आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी क्रमांक आहे ना, हे पैसे देण्याआधी बघा.

सगळ्यात जास्त लोक लटकतात ते नावावर. जन्मदाखल्यावर मुलाचं नावच नसतं, कारण नोंदणीच्या वेळी बारसं झालेलं नव्हतं. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला चालतो. नाव नसलं की बाल आधार (लहान मुलाचं आधार कार्ड) अडतं आणि तिथून पुढचं सगळं. ग्रामपंचायत किंवा पालिकेत जन्मापासून बारा महिन्यांत नाव विनाशुल्क लागतं, नंतर विलंब शुल्क भरून. हे काम आधी उरका.

दुसरी अडचण पत्त्याची. आधारवर पत्ता गावचा, राहणं पुण्यात भाड्याने. खिडकीवरून "तुमच्या जिल्ह्यात जा" असं सांगतात. दिव्यांग हक्क कायद्याच्या २०१७ च्या नियमांत राहत्या जिल्ह्याबरोबरच, ज्या सरकारी रुग्णालयात मुलावर त्यासाठी उपचार सुरू आहेत तिथेही अर्ज करायची सोय आहे. त्यासाठी तिथला केसपेपर दाखवावा लागतो, तो जपा. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा. ते देणं त्यांना बंधनकारक आहे.

लहान मुलांना सहसा तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं. त्यावरची मुदतीची तारीख बघा आणि दोन-तीन महिने आधीच फेरतपासणीची तारीख मागा. ते हातात आलं की राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय आरोग्य विम्याचा अर्ज करता येतो. त्यात एक लाखापर्यंतचं संरक्षण मिळतं आणि थेरपीचा खर्चही बसतो. फक्त या विम्याचं नूतनीकरण वेगळं करावं लागतं. प्रमाणपत्राची मुदत शिल्लक आहे म्हणून विमाही चालू असेल असं धरून बसू नका.