मेंदू आकसला की डागाने आकडा फसवला?

अर्धांगवायू होऊन गेलेल्या किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस (शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू व मज्जारज्जूतील नसांच्या आवरणावर हल्ला करते तो आजार) असलेल्या रुग्णाच्या एमआरआय अहवालात ‘मेंदू आकसला आहे’ असे वाचले की घरची माणसे हबकतात. हे वाक्य बहुधा डॉक्टरांच्या नजरेच्या अंदाजावर आधारलेले असते. नेमका आकडा हवा असेल तर संगणकाकडे जावे लागते, आणि तो डाग, म्हणजे आजाराने खराब झालेला भाग, असलेल्या मेंदूपुढे सहज फसतो.

मेंदूचे स्कॅन मोजणारी फ्रीसर्फरसारखी संगणक प्रणाली चित्रातील साधारण १ मिलिमीटरच्या प्रत्येक घनाला त्याच्या उजळपणावरून आणि जागेवरून करडे द्रव्य (मुख्यतः चेतापेशी), पांढरे द्रव्य (त्यांना जोडणारे तंतू) किंवा पाणी ठरवते. कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा सर्वांत बाहेरचा करडा थर, सरासरी अडीच मिलिमीटर जाड, म्हणजे जेमतेम दोन-तीन घनांचा. तेथील पेशी रक्तपुरवठा तुटून मेल्या आणि जागा पाण्याने भरली, की प्रणालीने आखलेली सीमारेषा भरकटते आणि शेजारच्या धडधाकट वळ्याही हिशेबातून गळू शकतात. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये घोटाळा उलटा होतो: पांढऱ्या द्रव्यातील डाग काळपट दिसल्याने करड्यात मोजले जातात आणि करड्या द्रव्याची खरी झीज झाकली जाते. कॉर्टेक्समधील डाग तर नेहमीच्या चित्रांत बहुतेक वेळा दिसतच नाहीत.

यावर उपाय म्हणून तज्ज्ञ डागाची हद्द आखून घेतात, तेवढी जागा शेजारच्या निरोगी भागाच्या उजळपणाने तात्पुरती भरतात, मग मोजणी करतात. माझ्या मते अहवालात डागाने गेलेला भाग आणि उरलेल्या मेंदूची झीज हे दोन आकडे वेगळेच द्यावेत. एकत्र केले तर दोन्ही निरुपयोगी ठरतात.

सोलापूरकरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. निरोगी प्रौढाचा मेंदू वर्षाला साधारण ०.१ ते ०.३ टक्के घटतो, मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये ०.५ ते १ टक्क्याच्या आसपास. आणि नुसते शरीरातील पाणी कमी झाले तरी मोजमाप अर्ध्या टक्क्याने खाली येऊ शकते. मे महिन्यात पारा ४२ अंशांवर असताना अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याहून एसटीने, घशाला कोरड पडलेल्या अवस्थेत आलेल्या रुग्णाचा स्कॅन पावसाळ्यातल्या स्कॅनशी ताडला, तर उन्हाचाच परिणाम आजार म्हणून नोंदला जाईल. म्हणून यंत्र तेच, स्कॅनची पद्धत तीच, शक्यतो वेळही तीच असावी, आणि डॉक्टरांनी पाणी वर्ज्य केले नसेल तर पुरेसे पिऊन जावे.

मल्टिपल स्क्लेरोसिसच्या उपचारांनी मेंदूची सूज उतरल्यावरही त्याचे आकारमान घटते. ती पेशींची झीज नव्हे. त्यामुळे औषध सुरू झाल्यावर काही महिन्यांनी घेतलेला स्कॅनच पुढील तुलनेचा पाया धरणे अधिक योग्य.