सिंथ-ॲक्शन आणि सेमी-वेटेड: कंट्रोलरची पट्टी पारखताना

कंट्रोलर, म्हणजे सिंथेसायझर (सिंथ) किंवा कॉम्प्युटरला जोडायचा कीबोर्ड, घ्यायचा ठरला की पट्ट्या किती हव्यात हे ठरवायला वेळ लागत नाही. ४९ किंवा ६१, म्हणजे चार किंवा पाच सप्तकं. सिंथचं जवळपास सगळं काम एवढ्यात भागतं. अडतं ते पुढे. एका मॉडेलच्या माहितीत ‘सिंथ-ॲक्शन’ लिहिलेलं असतं, दुसऱ्याच्या माहितीत ‘सेमी-वेटेड’, आणि दुसऱ्याची किंमत बहुधा जास्त. त्यावरून समज असा होतो की साधी, अर्धवट जड आणि पियानोसारखी पूर्ण जड अशा या तीन पायऱ्या आहेत आणि खिशाला परवडेल तितकं वर चढावं. नाशिकमध्ये माझ्याकडे शिकायला येणारी मुलं बहुतेक हाच समज घेऊन येतात. पालक तर हमखास म्हणतात, “सर, चार पैसे जास्त गेले तरी चालतील, पण सेमी-वेटेडच सांगा.” पियानो शिकायचा असेल तर या चढणीला थोडाफार अर्थ आहे. सिंथ वाजवायचा असेल तर तिच्यावर विसंबू नये.

आधी पट्टीच्या पोटात काय असतं ते पाहू. सिंथ-ॲक्शनची पट्टी म्हणजे पोकळ प्लास्टिक आणि तिला वर ओढून धरणारी स्प्रिंग. बोट दाबलं की स्प्रिंग ताणली जाते, बोट उचललं की पट्टी झटकन वर येते. सेमी-वेटेडमध्ये रचना हीच असते. फक्त पट्टीच्या खालच्या बाजूला, बहुधा पुढच्या टोकाकडे, धातूचा छोटा तुकडा बसवलेला असतो, आणि त्या वजनाने पट्टी खाली झुकू नये म्हणून स्प्रिंग थोडी कडक ठेवलेली असते. (या नावाची कुठलीही पक्की व्याख्या नाही. नुसती स्प्रिंग कडक करून तीच पट्टी सेमी-वेटेड म्हणून विकली जाते, असंही होतं.) हॅमर-ॲक्शनमध्ये, म्हणजे पियानोसारख्या पूर्ण जड पट्टीत, मात्र तिला वर आणायचं काम स्प्रिंगकडे नसतं. पट्टी दाबली की आतला हातोडीसारखा दांडा उचलला जातो, सोडली की तो स्वतःच्या वजनाने पडतो आणि पट्टी जागेवर येते. थोडक्यात, सेमी-वेटेड हे सिंथ-ॲक्शनचं सख्खं भावंड आहे. हॅमरशी त्याचं नातं लांबचं.

हे घरच्या घरी पडताळता येतं. २०११ पासून निघालेलं एक रुपयाचं लहान नाणं घ्या. ते २२ मिलिमीटर रुंद आणि ३.७९ ग्रॅम वजनाचं असतं, त्यामुळे पांढऱ्या पट्टीवर नीट मधोमध ठेवलं तर शेजारच्या पट्टीला टेकत नाही. अशी तेरा नाणी म्हणजे ५० ग्रॅमला किंचित कमी, आणि पियानोची पट्टी साधारण तेवढ्याच वजनाला खाली जाते. आता पट्टीच्या पुढच्या कडेला एकावर एक नाणी ठेवत जा. हॅमरची पट्टी बराच वेळ जागची हलणार नाही, आणि एकदा हलली की तेवढ्याच नाण्यांनी सावकाश तळापर्यंत जाईल. स्प्रिंगच्या पट्टीचं वागणं वेगळं. ती थोडी दबते आणि मध्येच थांबते. आणखी एक नाणं ठेवलं की आणखी थोडी दबते, पुन्हा थांबते. स्प्रिंग जितकी ताणाल तितका तिचा विरोध वाढतो, म्हणून असं होतं. सेमी-वेटेड पट्टीवर हाच प्रयोग करा. नाणी कमीजास्त लागतील, पण ती मध्ये थांबत थांबतच खाली जाईल.

मग त्या धातूच्या तुकड्याचा उपयोग काय? तो कळतो वेगात. वजनदार वस्तू स्थिर असते तेव्हा तिला हलवायला जोर लागतो, आणि जितकं झटकन हलवाल तितका जास्त लागतो. म्हणूनच दुकानात एका बोटाने हळूच पट्टी दाबून “हं, जड आहे” म्हणणं व्यर्थ आहे, कारण त्या वेळी तुम्ही फक्त स्प्रिंग तपासत असता. वजन तपासायचं तर पट्टीवर थाप द्यावी लागते. सिंथ-ॲक्शनची पट्टी झटक्याला लगेच खाली जाते. सेमी-वेटेड पट्टी क्षणभर बोटाला विरोध करते आणि मग जाते. हा क्षणभरचा विरोध काहींना आवडतो, कारण हात कशावर तरी टेकल्यासारखा वाटतो.

त्याचा खरा फायदा व्हेलॉसिटीत, म्हणजे स्वराचा जोर मोजण्यात, आहे. प्रत्येक पट्टीखाली साधारण दोन संपर्कबिंदू असतात. पट्टी खाली जाताना आधी एक जुळतं, मग दुसरं, आणि या दोहोंमध्ये किती वेळ गेला ते मोजून स्वर किती जोरात वाजवला हे ठरतं. वाद्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या, १९८३ मध्ये आलेल्या मिडी प्रणालीत हा जोर १ ते १२७ या आकड्यांत जातो. सिंथ-ॲक्शन असो, सेमी-वेटेड असो की हॅमर, केबलमधून जाणारा आकडा एकाच जातीचा. फरक इतकाच की हलकी पट्टी हे अंतर फार पटकन कापते, त्यामुळे बोटाच्या जोरात जरासा फरक झाला तरी आकडा ६० वरून ९५ वर उडी मारू शकतो. वजनाची पट्टी ती उडी थोडी आवरते. इलेक्ट्रिक पियानो, स्ट्रिंग्ज, बासरीचा हळवा आवाज, असं जोराच्या बारीक छटांवर चालणारं काही वाजवायचं असेल, तर चांगल्या सेमी-वेटेडवर मन रमतं हे खरं.

पण सिंथचा लीड, म्हणजे पुढे ऐकू येणारी मुख्य सुरावट, वेगळा. तिथे बहुतेक वेळा एकाच स्वराचा पुन्हा पुन्हा आघात असतो, मुरकी असते, द्रुत तान असते, तिहाईवर येऊन थांबणं असतं. इथे पट्टी खाली कशी जाते यापेक्षा ती वर किती लवकर येते याला महत्त्व. पुन्हा वाजण्यासाठी पट्टीला बऱ्यापैकी वर यावंच लागतं. (काही हॅमर पियानोंमध्ये तिसरा संपर्कबिंदू देतात तो याचसाठी, म्हणजे पट्टी पूर्ण वर न येताही स्वर पुन्हा वाजतो.) वजन घातलं की परत येणारी वस्तूही जड होते, आणि स्प्रिंग त्या प्रमाणात नीट जुळवली नसेल तर परतीला आळस येतो. स्वस्तातल्या काही सेमी-वेटेड पट्ट्यांचा खरा दोष हाच. वजन घातलेलं असतं, पण परतीच्या वेगाकडे लक्ष दिलेलं नसतं. अशा पट्टीपेक्षा चोख सिंथ-ॲक्शन केव्हाही सरस, असं माझं स्पष्ट मत आहे.

पंचवटीतल्या एका भजनी मंडळात लहानपणापासून पेटी वाजवणारा एक मुलगा माझ्याकडे सिंथ शिकायला आला. त्याच्या हातावरून हा विषय मला सर्वांत स्वच्छ दाखवता येतो. पेटीची पट्टी स्प्रिंगचीच, उथळ आणि हलकी. आवाजाचा चढउतार भात्याकडे, म्हणजे डाव्या हाताकडे. उजव्या हाताला जोर मोजून दाबायची सवयच नाही. सेमी-वेटेड कंट्रोलरवर त्याची बोटं जड पडू लागली, तानेतले अधलेमधले स्वर गळू लागले. सिंथ-ॲक्शनवर तान पूर्ण आली, पण स्वर लहानमोठे ऐकू येऊ लागले. त्याचा उपाय पट्टीत नव्हता, सेटिंगमध्ये होता. बऱ्याच कंट्रोलरमध्ये व्हेलॉसिटी कर्व्ह (बोटाच्या कितपत जोराला कोणता आकडा) बदलता येतो आणि हवा तर जोर एकाच आकड्यावर स्थिरही ठेवता येतो. लीडसाठी जोर स्थिर ठेवणं यात कमीपणा काहीच नाही. १९७० चा मिनीमूग हा सिंथ ४४ पट्ट्यांचा होता, त्याच्या पट्ट्यांना जोर कळतच नव्हता, आणि तरीही सिंथ लीडचा आवाज म्हटला की आजही त्याचंच नाव पुढे येतं.

पेटीवाल्या हाताचा आणखी एक प्रश्न आहे. परदेशी लेखांत तो फारसा येत नाही, पण आपल्याकडे तो रोजचा आहे. आपण गायकाच्या पट्टीत वाजवतो. समजा गायकाचा सा काळी चार, म्हणजे सप्तकातली चौथी काळी पट्टी, आहे. तिथून शुद्ध स्वरांचं सप्तक धरलं तर रे, म, प काळ्यांवर येतात आणि ग, ध, नी पांढऱ्यांवर. हात काळ्या पट्ट्यांवर पुढे सरकलेला असल्यामुळे या तीन पांढऱ्या पट्ट्या आपण त्यांच्या पुढच्या रुंद भागावर दाबत नाही, काळ्यांच्या बाजूच्या अरुंद भागात, खूप आत दाबतो. पट्टी जिथे टेकून फिरते तो बिंदू तिथून जवळ असतो, म्हणून तिथे जोर जास्त लागतो आणि पट्टी कमी दबते. लांबीला आखूड बनवलेल्या पट्ट्यांमध्ये हा बिंदू आणखी जवळ येतो, आणि मग ग आणि नी दबके वाजतात. सिंथ-ॲक्शन की सेमी-वेटेड, याने हा दोष ठरत नाही. सेमी-वेटेडमध्ये पट्टी आखूड असेल तर उलट त्रास वाढतो, कारण स्प्रिंगही कडक असते. ज्याला ट्रान्सपोझचं (सगळे स्वर एकदम वरखाली सरकवणारं) बटण न वापरता खऱ्या पट्टीत वाजवायचं आहे, त्याने ही एक तपासणी केल्याशिवाय कंट्रोलर घेऊच नये.

आता आफ्टरटच. सेमी-वेटेड म्हणजे आफ्टरटच असणारच, हा दुसरा गैरसमज. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. पट्टी तळाला टेकल्यावर आणखी दाबलं की खालची सेन्सरची पट्टी तो दाब मोजते, आणि त्याने स्वराला कंप देता येतो, फिल्टर उघडून आवाज उजळ करता येतो, हलकी मींडही घेता येते. डावा हात पिच बेंडवरून (स्वर वरखाली ओढायच्या चाकावरून) काढून कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) धरायला मोकळा होतो, हे रंगमंचावर फार मोलाचं आहे. नोव्हेशनच्या एसएल एमके-३ कंट्रोलरमध्ये सेमी-वेटेड पट्ट्यांबरोबर आफ्टरटच येतो. आर्टुरियाच्या ४९ आणि ६१ पट्ट्यांच्या कीलॅब इसेन्शियलमध्ये सिंथ-ॲक्शन आहे, आफ्टरटच नाही. या अशा जोड्यांमुळेच गोंधळ पक्का होत जातो. बहुतेक ठिकाणी मिळतो तो चॅनल आफ्टरटच, म्हणजे चार स्वर धरले आणि एक जोरात दाबला तरी परिणाम चारही स्वरांवर. पॉलिफोनिक प्रकारात प्रत्येक स्वराचा दाब वेगळा जातो. यामाहाच्या सीएस-८० या सिंथमध्ये तो सत्तरच्या दशकातच होता, आणि अलीकडे हायड्रासिंथमुळे तो पुन्हा चर्चेत आला. माझ्यापुढे आफ्टरटच असलेली हलकी पट्टी आणि आफ्टरटच नसलेली वजनाची पट्टी ठेवली, तर सिंथसाठी मी डोळे झाकून पहिली उचलेन. फक्त तो दाब फार कडक नसावा. बोट दुखेस्तोवर रेटावं लागत असेल तर तो असून नसल्यासारखा.

पट्टीच्या बाहेरच्या आकाराला फसू नका. पुढून बंद, पेटीसारखी चौकोनी पट्टी सेमी-वेटेडच असेल असं नाही, आणि पुढे ओठ आलेली, खालून पोकळ पट्टी नेहमी स्वस्तातलीच असेल असंही नाही. मिनी पट्ट्यांचा विचार प्रवासापुरता करावा.

कंपनीच्या नावापेक्षा पट्ट्यांचा साचा कुणाचा, हे विचारणं जास्त उपयोगी. इटलीतल्या रेकानाती गावची फातार ही कंपनी अनेक नामांकित सिंथ आणि कंट्रोलरना पट्ट्यांचे तयार संच पुरवते. वेगवेगळ्या नावांच्या दोन वाद्यांवर हात अगदी सारखा वाटला तर त्यामागे हे कारण असू शकतं. पण फातारचेही संच अनेक प्रकारचे आहेत, तेव्हा नुसतं नाव ऐकून निर्णय घेऊ नये.

मग घ्यायचं काय? गंगापूर रोडच्या लॉन्सवर लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारा, कालिदास कलामंदिरात साथीला बसणारा, दुचाकीवर पाठीला बॅग लावून सिन्नर-ओझरला जाणारा वादक असेल, तर मी त्याला चांगली सिंथ-ॲक्शन सांगतो. हात आधीपासून रोलँड एक्सपीएस-१० सारख्या कीबोर्डच्या हलक्या पट्ट्यांवर बसलेला असतो, वजन कमी वाहावं लागतं, आणि लीडला चपळाई मिळते. घरी कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर सिंथ लावून संगीत रचणारा, ज्याला एकाच वाद्यावर पॅड (मागे रेंगाळणारे लांब स्वर), बेस, ऱ्होड्सचा (इलेक्ट्रिक पियानोचा) आवाज आणि अधूनमधून पियानो हवा आहे, त्याला सेमी-वेटेड. ज्याला खरोखर पियानोच शिकायचा आहे त्याने या दोन्हींच्या वाटेला जाऊ नये, ८८ पट्ट्यांचा हॅमर घ्यावा. सिंथसाठी नंतर छोटा कंट्रोलर जोडता येतो.

नाशिकच्या दुकानांत अरेंजर (साथीचा ताल आपोआप देणारे) कीबोर्ड सहज हाताला लागतात, कंट्रोलर बहुधा मागवावा लागतो. शक्य असेल तर पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी मुंबईला जा, हाताने वाजवून बघा आणि संध्याकाळी परत या. तिथे जाल तेव्हा आवाज छान आहे का याकडे लक्ष देऊ नका, कंट्रोलरला स्वतःचा आवाज नसतोच. एकच स्वर दोन बोटांनी आलटून पालटून वाजवा आणि वेग वाढवत न्या. कुठे स्वर गळायला लागतो ते पाहा. काळी चारचा सा धरून ग आणि नी आत दाबून वाजवा. लॅपटॉप सोबत असेल तर स्क्रीनवर व्हेलॉसिटीचे आकडे लावा आणि एकसारख्या जोराने सगळ्या पांढऱ्या वाजवत जा. एखादीच पट्टी वारंवार १२७ दाखवत असेल तर तिचा संपर्कबिंदू बिघडलेला किंवा धुळीने भरलेला असण्याची शक्यता आहे. गणपतीच्या मांडवात दहा दिवस उघडा राहिलेला जुना कंट्रोलर विकत घेताना ही तपासणी सर्वांत आधी करा.