साडेपाचची घंटा आणि सोळा वर्षांचं शरीर

जानेवारीच्या मध्यावर बडोद्यात सूर्य उगवतो सकाळी ७ वाजून २० मिनिटांच्या सुमारास. छात्रालयाची पहिली घंटा मात्र साडेपाचलाच होऊन गेलेली असते. गृहपती पलंगांच्या दांड्यांवर टकटक करत फिरतात. सहावी-सातवीची पोरं डोळे चोळत उठून बसतात, दहावी-अकरावीची पांघरूण डोक्यावर ओढून घेतात. ‘मोठे झाले तसे आळशी झाले’ हा शेरा त्यांच्यासाठी ठरलेला. रोज तेच जेवण, तीच खोली, तीच घंटा, मग थोरल्यांनाच उठणं इतकं जड का जावं, हे सहसा कुणी विचारत नाही.

मेरी कार्स्काडन या अमेरिकी संशोधिकेने विचारलं. १९९३ साली तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी सहावीतल्या मुलामुलींची पाहणी प्रसिद्ध केली. सगळी एकाच इयत्तेतली, वयं जवळपास सारखी. पण कुणाच्या शरीरात वयात येण्याच्या खुणा बऱ्याच पुढे गेलेल्या, तर कुणाच्या अजून नीट सुरूही न झालेल्या. ज्यांची शरीरं पुढे गेली होती, त्यांचा कल उशिरा झोपण्याकडे आणि उशिरा उठण्याकडे जास्त होता. १९९३ म्हणजे मुलांच्या हाती मोबाइल येण्याच्या कितीतरी आधीचा काळ. मोबाइलने पुढे भर घातली हे खरं, पण सुरुवात त्याची नव्हे.

डोळ्यांकडून येणाऱ्या नसा मेंदूच्या तळाशी जिथे एकमेकींना ओलांडतात, तिथेच जरा वर साधारण वीस हजार पेशींचा एक पुंजका असतो. शरीराचं घड्याळ म्हणतात ते हेच. माणसात त्याचा एक फेरा चोवीस तासांहून किंचित मोठा असतो, म्हणून सकाळच्या उजेडाने त्याला रोज थोडं लवकरकडे आणावं लागतं. संध्याकाळ उलटली की हे घड्याळ मेलॅटोनिन नावाचं संप्रेरक स्रवायला सांगतं आणि शरीराला रात्र झाल्याचं कळतं. वयात येताना नेमका हाच इशारा उशिरा मिळू लागतो. लहानपणाच्या मानाने हा उशीर दोन तासांपर्यंत जाऊ शकतो. त्यात आणखी एक भर पडते. जागेपणी झोपेची ओढ तासागणिक साचत जाते, आणि किशोरवयात ती सावकाश साचते. म्हणून दहा वर्षांचा धाकटा नऊला जेवता जेवता पेंगतो, आणि त्याच्याइतकाच वेळ जागा असलेला सोळा वर्षांचा दादा अकरा वाजता गणिताचं पुस्तक उघडतो.

झोपेची गरज मात्र फारशी कमी होत नाही. अमेरिकेतल्या निद्रावैद्यकाच्या अकादमीने २०१६ साली १३ ते १८ वयासाठी आठ ते दहा तास सांगितले. आता हिशेब करा. साडेपाचला उठून आठ तास भरायचे, तर साडेनऊला झोप लागलेली हवी. ज्या शरीराला रात्र झाल्याचं दहा-साडेदहाला कळतं, त्याला साडेनऊला अंथरुणावर पाडून दिवा घालवला, तर ते अंधारात जागं राहील, एवढंच.

हा उशीर कायमचा नसतो. टिल रोनेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हजारो लोकांच्या झोपेच्या वेळा वयानुसार मांडल्या. विशीच्या आसपासपर्यंत झोप उशिराकडे सरकत जाते आणि तिथून उलटी फिरते. मुलींमध्ये हे वळण थोडं आधी येतं. ‘लग्न झालं आणि सुधारला बाई!’ असं आपल्याकडे आया म्हणतात, त्यातलं थोडं श्रेय सुनेकडून काढून वयाला द्यायला हरकत नाही.

इथवरची गोष्ट जगातल्या कुठल्याही छात्रालयाची. बडोद्याची अडचण भूगोलाने वाढवली आहे. आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर बेतलेली आहे. बडोदं आहे ७३.२ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं धरली, तर इथला सूर्य घड्याळाच्या सदतीस मिनिटं मागे चालतो. कोलकाता जवळजवळ याच अक्षांशावर आहे, पण तिथे सूर्य बडोद्याच्या तासभर आधी उगवतो आणि तासभर आधीच मावळतो. दोन्हीकडे साडेपाचला घंटा दिली, तर कोलकात्याच्या मुलाला पाऊण तासात उजेड दिसतो, बडोद्याच्याला पावणेदोन तास थांबावं लागतं. ही प्रमाणवेळ ठरली १९०६ साली. गंमत म्हणजे सयाजीराव महाराजांनी अमरेलीत १८९३ साली करून पाहिलेलं सक्तीचं प्राथमिक शिक्षण बडोदा संस्थानभर लागू केलं, तेही १९०६ मध्येच. मूल शाळेत गेलंच पाहिजे हे महाराजांनी ठरवलं. किती वाजता, हे मात्र मिर्झापूरच्या सूर्याने.

फरक केवळ आकाशातला नाही. मौलिक जगनानी या अर्थशास्त्रज्ञाने भारतातल्या मुलांच्या दिनचर्येच्या नोंदी सूर्यास्ताच्या वेळांशी ताडून पाहिल्या. सूर्य तासभर उशिरा मावळतो तिथे मुलं उशिरा झोपतात. शाळा मात्र घड्याळानेच भरते, त्यामुळे उठण्याची वेळ हलत नाही. यात साधारण अर्धा तास झोप जाते. देशाच्या पश्चिमेकडची मुलं हा अर्धा तास रोज गमावतात, आणि त्यांच्या पालकांना याची कल्पनाही नसते.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे पूर्वीची गुरुकुलं. तेव्हाची मुलं ब्राह्ममुहूर्तावर उठत होतीच की! उठत असतीलही, पण झोपत कधी होती? दिवेलागणीनंतर एखाद्या समईच्या उजेडात फार काही करता येत नाही. कॉलोराडोत केनेथ राइट यांनी आठ प्रौढांना आठवडाभर डोंगरात तंबूत ठेवलं. रात्री टॉर्च नाही, फोन नाही, शेकोटी तेवढी चालेल. परतल्यावर मोजलं, तर त्यांचं मेलॅटोनिन साधारण दोन तास आधी सुरू होत होतं. हा प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पहाटेची शिस्त खरी संध्याकाळच्या अंधारावर उभी होती. आपण अंधार काढून टाकला आणि पहाट तेवढी ठेवली.

उजेडाचा हा परिणाम डोळ्यांतल्या एका वेगळ्या जातीच्या पेशींमुळे होतो. त्यांचा शोध अगदी अलीकडचा, २००२ च्या आसपासचा. या पेशी चित्र पाहण्याच्या कामाच्या नाहीत, उजेड किती आहे हे शरीराच्या घड्याळाला कळवणं हे त्यांचं मुख्य काम. निळसर उजेडाला त्या सगळ्यात जास्त प्रतिसाद देतात. संध्याकाळी असा उजेड मिळाला की घड्याळ उशिराकडे सरकतं, सकाळी मिळाला की लवकरकडे येतं. आता छात्रालयाची अभ्यासिका डोळ्यांपुढे आणा. रात्री साडेआठ ते साडेदहा छतावर पांढऱ्याशुभ्र एलईडी ट्यूब, आणि सकाळची प्रार्थना आणि व्यायाम सूर्योदयाआधी, बंद सभागृहात. दोन्ही वेळचा उजेड नेमका उलटा. साडेनऊनंतर खोल्यांत पिवळा दिवा, टेबलावर छोटा लॅम्प, आणि सकाळी सूर्य वर आल्यावर पटांगणात पंधरा-वीस मिनिटं, एवढ्याने खर्च फारसा वाढत नाही. हे करायला कुणाची परवानगीही लागत नाही. मुलांवर ओरडून जे साधत नाही, ते बरंचसं बल्ब बदलून साधतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

नवरात्राचा प्रश्न वेगळा. बडोद्यात राहून नऊ रात्री गरब्याला जायचं नाही, असं सोळा वर्षांच्या मुलांना सांगणारा गृहपती मी तरी पाहिलेला नाही, आणि पाहायची इच्छाही नाही. पण शरीराचं घड्याळ उशिराकडे पटकन सरकतं, परत यायला मात्र कुरकुरतं. दसऱ्यानंतरचे पाच-सहा दिवस मुलं वर्गात डुलक्या देतात, ते या परतीच्या प्रवासात. त्याच आठवड्यात चाचणी परीक्षा ठेवणं हा निव्वळ अडाणीपणा. रविवारची गोष्टही अशीच. दुपारी बारापर्यंत झोपू दिलं तर त्या रात्री झोप येत नाही आणि सोमवार पुन्हा पेंगतच उजाडतो. नेहमीपेक्षा तास-दीड तास जास्त झोपू द्यावं, पुढे हाक मारावी.

शाळाच उशिरा भरवली तर? सिअॅटल शहराने २०१६ मध्ये माध्यमिक शाळांची वेळ ७.५० वरून ८.४५ केली. मुलं आता आणखी उशिरा जागतील अशी भीती होती. मनगटावरच्या यंत्रांनी मोजलं, तर त्यांची रोजची झोप ३४ मिनिटांनी वाढली होती. कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला, २०२२ पासून तिथल्या हायस्कुलांना साडेआठच्या आधी वर्ग भरवता येत नाहीत. आपल्याकडे सकाळपाळी आणि दुपारपाळीच्या गणितात एवढं लवकर होईल असं वाटत नाही.

मात्र सकाळी न उठणाऱ्या प्रत्येक पोराचा दोष घड्याळावर ढकलू नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये आणि ३१ टक्के मुलग्यांमध्ये रक्तक्षय आढळला. पुरेशी झोप होऊनही थकवा, जिना चढताना धाप, अभ्यासात लक्ष न लागणं, अशा मुलामुलीचं हिमोग्लोबिन आधी तपासावं. आठवड्याला मिळणारी निळी लोहाची गोळी उशीखाली जमा होते, हे प्रत्येक गृहमातेला ठाऊक असतं. रिकाम्या पोटी मळमळतं म्हणून मुली ती टाळतात. जेवणानंतर समोर उभं राहून द्यावी. आणि जेवणावर लगेच चहा नको. चहातली द्रव्यं अन्नातलं लोह अडवतात, लिंबाची फोड ते शोषायला मदत करते.

मुलींच्या छात्रालयात घड्याळाबद्दलची एक समजूतही पक्की असते: एका खोलीत राहणाऱ्या मुलींची पाळी हळूहळू एकाच वेळी येऊ लागते. ही समजूत अडाण्यांची नव्हे, तिचा उगम ‘नेचर’मधल्या १९७१ च्या शोधनिबंधात आहे. मार्था मॅक्लिंटॉक यांनी कॉलेजच्या वसतिगृहातल्या १३५ मुलींवरून तो लिहिला होता. पुढे चीनमध्ये वसतिगृहातल्या १८६ जणींचं वर्षभर निरीक्षण झालं, तेव्हा तसं काही दिसलं नाही. पाळ्यांचे कालावधी वेगवेगळे असल्याने त्या अधूनमधून योगायोगाने जुळतात, आणि जुळलेल्या तेवढ्या लक्षात राहतात. ‘सगळ्यांची आली, तुझीच कशी नाही’ असा घोर मात्र एखाद्या चौदा वर्षांच्या मुलीला उगाच लागतो. पहिली एक-दोन वर्षं पाळी अनियमित असते, हे तिला कुणीतरी शांतपणे सांगायला हवं.

दिवे गेल्यावरच्या त्या जाग्या तासात आणखी दोन गोष्टी घडतात. पहिली, उचापती. लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर यांनी २००५ मध्ये गाडी चालवण्याच्या व्हिडिओ गेमवर वेगवेगळ्या वयाच्या लोकांना बसवलं. एकट्याने खेळताना किशोरवयीन मुलं प्रौढांसारखीच बऱ्यापैकी जपून खेळत. मित्र शेजारी उभे केले की धोके वाढत. प्रौढांवर मित्रांचा काही परिणाम होत नसे. छात्रालयात मित्र चोवीस तास शेजारीच. त्यामुळे कुंपणावरून उडी मारणारा मुलगा एकट्याने बोलावला की ‘कशी मारली, सर, मलाच कळत नाही’ म्हणतो, ते बहुधा खरं असतं. चौघांना रांगेत उभं करून झापण्यापेक्षा एकेकाशी बोलणं उपयोगी पडतं ते याचमुळे.

दुसरी, घरची आठवण. ती रिकाम्या वेळी दाटते, आणि अंधारात झोप न येता पडून राहण्याइतका रिकामा वेळ दुसरा नाही. शिबिरांत आणि निवासी शाळांत मुलांचा अभ्यास करणाऱ्या क्रिस्टोफर थर्बर यांना आढळलं, की घरापासून दूर गेलेल्या बहुतेक मुलांना थोडीफार आठवण येतेच. गंभीर त्रास मोजक्यांना होतो. निघण्याआधी ‘नाही करमलं तर लगेच न्यायला येऊ’ असं वचन देणं सगळ्यात वाईट, असं ते सांगतात. मूल मग करमवून घ्यायचा प्रयत्नच करत नाही, आणि आई-बाबांनाही आपण टिकू असं वाटत नव्हतं हे त्याला कळतं. फोनची वेळ झोपण्याच्या तोंडावर ठेवू नये, हे माझं त्यात घातलेलं. संध्याकाळी सहाला बोलून रडू आलं तर पुढे खेळ आहे, जेवण आहे. दहाला आलं तर उशी आहे फक्त.

आता मूळ घंटेकडे. ती साडेपाचलाच का, असं कुठल्याही गृहपतीला विचारा. शिस्तीचं उत्तर आधी येईल, खरं उत्तर नंतर: न्हाणीघरं. चाळीस मुलं, पाच न्हाणीघरं, एकेकाला आठ मिनिटं, म्हणजे शेवटचा मुलगा निघेपर्यंत तासाहून जास्त गेला. सातच्या शाळेसाठी मग साडेपाचशिवाय गत्यंतर नाही. पण आठवी ते बारावीच्या मुलांनी संध्याकाळी खेळून आल्यावर, जेवणानंतर आंघोळ केली तर? सकाळची रांग निम्मी होते आणि घंटा अर्धा तास पुढे जाते. झोपण्याआधी तास-दोन तास कोमट-गरम पाण्याने आंघोळ केली की हातापायांच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, शरीराच्या आतलं तापमान उतरू लागतं, आणि झोप सरासरी दहा मिनिटं लवकर लागते. २०१९ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतल्यावर हा आकडा निघाला. पहाटेच्या स्नानाचा आग्रह धरणारे विश्वस्त कुरकुर करतील, त्यांना गिझरचं बिल दाखवावं: जानेवारीत पहाटे साडेपाचच्या पाण्यापेक्षा रात्री आठचं पाणी कमी गार असतं, तापवायला वीज कमी लागते.