पंखा फिरतो, तरी गाडी का तापते?

जुन्या गाडीच्या रेडिएटर फॅनची बिघडलेली वायरिंग: सेकंड हॅन्ड गाडी घेतलेल्या आमच्या ग्राहकांसाठी माहिती

“भाऊ, पंखा तर फिरून राहिला ना, मग गाडी कायले तापते?” उन्हाळा लागला की हा प्रश्न आमच्याकडे सारखा येतो. विचारणाऱ्याने गाडी बहुधा सहा-आठ महिन्यांपूर्वी घेतलेली असते. हिवाळ्यात काही त्रास नसतो. वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत जाऊन आले तरी तापमानाचा काटा मध्यावरच असतो. मग मे महिन्यात एका दुपारी सीताबर्डीच्या गर्दीत गाडी दहा मिनिटे अडकते आणि काटा लाल पट्टीकडे सरकू लागतो. बोनेट उघडून पाहावे, तर पंखा फिरत असतो.

याचे उत्तर नागपूरकराच्या घरातच आहे. व्होल्टेज कमी असले की कूलरचा पंखा फिरतो, पण हवा लागत नाही. गाडीतही तेच होते. रेडिएटरच्या पंख्याला पुरता करंट मिळत नाही, आणि बहुतेक वेळा त्याचे कारण आधीच्या मालकाने करून घेतलेली वायरिंग असते.

हा दोष हिवाळ्यात दिसत नाही, त्यालाही कारण आहे. रेडिएटर इंजिनाची उष्णता बाहेरच्या हवेला देतो. कूलंट, म्हणजे इंजिन आणि रेडिएटरमधून फिरणारे पाणी, ९५ अंशांवर आणि हवा २५ अंशांवर असेल, तर दोघांत ७० अंशांचा फरक असतो. हवा ४७ अंशांवर गेली की फरक उरतो ४८ अंशांचा. म्हणजे तोच रेडिएटर आणि तोच पंखा जवळजवळ एक तृतीयांश कमी उष्णता बाहेर टाकतो. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि ४५ अंश तर आपल्याकडे बऱ्याच वर्षी होतात. जानेवारीत अर्ध्या ताकदीच्या पंख्याने भागते, मेअखेरच्या नवतप्यात भागत नाही. हायवेवर समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड ठेवतो, तिथे पंख्याची फारशी गरज पडत नाही. त्याची खरी परीक्षा सिग्नलवर होते.

‘डायरेक्ट’ म्हणजे काय केलेले असते

कंपनीच्या वायरिंगमध्ये पंखा आपणहून सुरू होतो आणि आपणहून थांबतो. कूलंटचे तापमान सेन्सर सांगतो. ठरलेल्या अंशावर गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, रिलेला (विजेने चालणाऱ्या स्विचला) इशारा देतो आणि रिले पंख्याचा जाड करंट जोडतो. एसी लावला की बहुतेक गाड्यांत पंखा तापमानाची वाट न पाहता सुरू होतो. कित्येक गाड्यांत पंख्याला दोन वेग असतात आणि कमी वेगासाठी वाटेत करंट कमी करणारा एक रेझिस्टर बसवलेला असतो.

बिघाडाची सुरुवात पुष्कळदा या रेझिस्टरपासून होते. तो जळतो, कमी वेग बंद पडतो. किंवा रिले चिकटतो, सेन्सर जातो, उंदीर वायर कुरतडतात. गाडी रस्त्यात तापते आणि जवळचा मिस्त्री बॅटरीपासून एक वायर ओढून पंखा ‘डायरेक्ट’ करून देतो. भर उन्हात अडलेल्या माणसासाठी त्या वेळी ते योग्यच असते. त्याबद्दल आम्ही कुणाला नावे ठेवत नाही. पण घरी पोचण्यापुरती केलेली ती सोय पुढे तीन-चार वर्षे तशीच राहते आणि गाडी विकताना कुणी तिचा उल्लेख करत नाही.

गेल्या उन्हाळ्यात आलेली एक गाडी इथे सांगण्यासारखी आहे. स्टिअरिंगखाली एक साधे बटण होते. बॅटरीपासून त्या बटणापर्यंत आणि तिथून परत पंख्यापर्यंत घरातल्या दिव्याला वापरतात तशी बारीक वायर नेलेली. जोड नुसते पिळून त्यांवर काळी टेप गुंडाळलेली, आणि इंजिनाच्या उष्णतेने टेपचा डिंक वितळून खाली ओघळलेला. फ्यूज वारंवार उडत असावा, कारण त्यावर तांब्याची तार गुंडाळली होती. पंख्याची अर्थिंगची, म्हणजे करंट परत नेणारी, वायर रंगवलेल्या पत्र्यावर स्क्रूने आवळली होती. रंगातून करंट जात नाही, तो जात होता फक्त स्क्रूच्या आट्यांमधून.

इंजिन चालू ठेवून आम्ही मीटर लावला. बॅटरीवर १३.९ व्होल्ट होते, पंख्याच्या कपलरवर १०.६. वाटेत ३.३ व्होल्ट गायब. बारीक वायरीत १.२, बटण आणि जोडांत ०.९, फ्यूजच्या होल्डरमध्ये ०.५, अर्थिंगमध्ये ०.७. पंखा १६ अँपिअर घेत होता. ०.९ ला १६ ने गुणले तर १४ वॅटहून जास्त होतात, आणि तेवढी उष्णता फक्त बटण आणि जोडांत. घरगुती सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा असतो, हे लक्षात घेतले तर डॅशबोर्डखाली काय शिजत होते ते कळेल. बटणाचे प्लास्टिक एका बाजूने तपकिरी पडले होते. त्या गाडीत लहान मुले बसत होती. फ्यूजवरची तांब्याची तार पाहून आम्ही ग्राहकाला गाडी तशीच परत नेऊ दिली नाही.

असे जोडकाम असेल तर तुम्हालाही काही खुणा दिसतील. गाडी चालताना एसी गार आणि सिग्नलवर कोमट. किल्ली फिरवताच, इंजिन अगदी थंड असतानाही, पंख्याचा आवाज. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सेल्फ घेत नाही. एखादे जास्तीचे बटण, ज्याचा उपयोग विकणाऱ्यालाही नीट सांगता येत नाही. गाडी घेण्याआधी तपासायचे असेल तर एसी बंद ठेवून इंजिन वीसेक मिनिटे जागेवर चालू ठेवा. काटा मध्याच्या आसपास असताना पंखा सुरू व्हायला हवा आणि थोड्या वेळाने थांबायला हवा. मग एसी लावा. बहुतेक गाड्यांत पंखा लगेच किंवा काही क्षणांत लागतो. हे करताना हात पंख्यापासून लांब ठेवा. काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही पंखा अचानक फिरतो.

आम्ही काम कसे करतो

आधी पाहणी. मूळ फ्यूज बॉक्समध्ये फॅनचा रिले आणि फ्यूज जागेवर आहेत का, ईसीयूकडून इशारा येतो का, सेन्सरचे वाचन खरे आहे का, हे आम्ही बघतो. कंपनीची वायरिंग पुष्कळदा शाबूत असते, फक्त एका ठिकाणी कापून बाजूला बांधलेली असते. ती जिवंत करता येत असेल तर आम्ही तीच करतो, नवी समांतर वायरिंग टाकत नाही. एक रेझिस्टर किंवा रिले बदलून काम होत असेल तर तेवढेच करतो आणि तेवढ्याचेच पैसे घेतो.

मूळ हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, जळालेला असेल तर मात्र जुने जोडकाम पूर्ण काढतो. त्यावर नवा जोड चढवत नाही. ग्राहकांना कधी वाटते की चालू असलेली वायर उगाच काढली. पण कोणती वायर कुठे जाते हे कुणालाच ठाऊक नसलेल्या गाडीत पुढचा बिघाड शोधायला दुप्पट वेळ लागतो, आणि तो वेळ तुमच्याच खिशातून जातो.

नव्या वायरिंगमध्ये बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज येतो, कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या वायरीला कुणाचेच संरक्षण नसते. तिथून ४ चौरस मिलिमीटरची, उष्णता सोसणारी गाडीची वायर रिलेपर्यंत जाते. घरगुती पीव्हीसी वायर ७० अंशांसाठी बनवलेली असते, बोनेटखाली ती टिकत नाही. रिलेच्या ३० आणि ८७ या पिनांमधून पंख्याचा जाड करंट जातो. ८५ आणि ८६ या पिनांवर रिलेची कॉइल असते. तिला एक-दोन दशांश अँपिअर पुरतात, म्हणून तिथे बारीक वायर चालते आणि डॅशबोर्डमध्ये जाड करंट नेण्याची वेळच येत नाही. ईसीयूची वायर याच कॉइलला जोडायची असते. ती थेट पंख्याला जोडून ईसीयू जाळलेल्या गाड्या आम्ही पाहिल्या आहेत, आणि ईसीयूच्या खर्चापुढे ही सगळी वायरिंग किरकोळ आहे. कॉइल बंद होताना उलटा झटका मारते, म्हणून डायोड किंवा रेझिस्टर असलेलाच रिले वापरतो.

फ्यूजबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. फ्यूज पंख्याला वाचवण्यासाठी असतो असे लोकांना वाटते. तो असतो वायरीला वाचवण्यासाठी. म्हणून उडणाऱ्या २० अँपिअरच्या पिवळ्या फ्यूजच्या जागी ३० चा हिरवा बसवणे हा इलाज नाही. आधी वायर तेवढी जाड हवी. फ्यूज पुन्हा उडत असेल तर मोटर जड झाली आहे का ते पाहावे लागते. बुशिंग झिजलेली मोटर नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त करंट ओढते, आणि नवी वायरिंगही तिला फार काळ सांभाळू शकत नाही. तशी मोटर असेल तर आम्ही आधीच सांगतो.

जोड आम्ही क्रिम्पिंग प्लायरने थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) दाबून करतो आणि वर आतून डिंक असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवतो. नुसत्या सोल्डरला आमचा विरोध एवढ्यासाठी की सोल्डर झिरपलेली वायर ताठ होते आणि इंजिनाच्या थरथरीने नेमकी त्या ताठ भागाच्या कडेला तुटते. अर्थिंगसाठी पत्र्यावरचा रंग खरवडून, थिंबल बोल्टने आवळून, वर ग्रीस लावतो. ऐकायला ही फार छोटी गोष्ट आहे, पण आमच्याकडे आलेल्या कित्येक गाड्यांत निम्मा दोष अर्थिंगमध्येच निघाला.

पंख्याची दिशा शेवटी तपासतो. रेडिएटरच्या मागे बसवलेला पंखा हवा आत ओढतो, जसा कूलर ताट्यांमधून ओढतो. वायर उलट जोडली तर तो हवा पुढे ढकलू लागतो आणि गाडी चालताना समोरून येणाऱ्या वाऱ्याशीच झगडतो. रेडिएटरसमोर कागद धरून पाहिला की तो चिकटायला हवा.

वर सांगितलेल्या गाडीत काम झाल्यावर बॅटरीवर १४.० आणि पंख्यावर १३.६ व्होल्ट मिळाले. बॅटरीपासून पंख्यापर्यंत आणि अर्थिंगसह परत, अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घट आम्ही मान्य करत नाही.

आम्ही काय करत नाही

पंख्यासाठी फक्त डॅशबोर्डवर बटण बसवून देत नाही. बटण दाबायला माणूस विसरतो. गाडी घरातले दुसरे कुणी घेऊन जाते, त्यांना बटण माहीतच नसते. मग इंजिन तापून त्यातले हेड गॅस्केट उडाले की इंजिन उघडावे लागते. इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा थर्मोस्टॅट काढूनही देत नाही. पंखा कायम चालू आणि थर्मोस्टॅट नाही, अशा गाडीचे इंजिन हिवाळ्यात नीट गरमच होत नाही, ईसीयू जास्त पेट्रोल सोडत राहतो आणि मायलेज पडते. नव्या गाड्यांत पंख्याचा वेग मॉड्यूलने कमीजास्त होतो. तिथे टेस्ट लॅम्प टोचून पाहणेही आम्ही टाळतो.

रेडिएटर आतून क्षारांनी भरला असेल तर वायरिंग कितीही चांगली असली तरी गाडी तापेल. वर्षानुवर्षे बोअरचे पाणी भरलेल्या रेडिएटरची हीच गत होते. पाहणीत तसे दिसले तर सांगू, पण ते काम रेडिएटरवाल्याचे आहे.

रस्त्यात काटा चढलाच तर एसी बंद करा, हीटर पूर्ण लावा आणि काचा खाली करा. मे महिन्यात हे नकोसे वाटेल, पण हीटर हा लहानसा रेडिएटरच आहे आणि तो इंजिनाची थोडी उष्णता ओढून घेतो. तरीही काटा उतरला नाही तर गाडी सावलीत लावून इंजिन बंद करा. रेडिएटरचे झाकण अर्धा तास तरी उघडू नका. दाबाखालचे पाणी १०० अंशांच्या वर असते, झाकण सुटताच ते वाफ होऊन थेट तोंडावर येते.

काम करून घेताना

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना आणा. पाहणीला साधारण तासभर लागतो. पूर्ण वायरिंग बदलायची असेल तर गाडी दिवसभर राहते. खर्च पाहणीनंतर सांगतो, आणि तुमचा होकार आल्यावरच वायर कापतो. मागच्या मालकाने किंवा मिस्त्रीने काही बदलल्याचे आठवत असेल तर तेही सांगा, आमचा शोधण्याचा वेळ वाचतो. गाडी परत देताना पंखा आपणहून लागून थांबेपर्यंत इंजिन तुमच्यासमोर चालवतो, दोन्ही ठिकाणचे व्होल्ट मीटरवर दाखवतो, नव्या जोडणीचा हाताने काढलेला नकाशा देतो आणि काढलेल्या जुन्या वायरी पिशवीत घालून तुमच्या हवाली करतो.